जांभ्याचा घ्राणपट्टा

तिसऱ्या चाव्यानंतर कुत्र्याचा घ्राणपट्टा उघडून वाचायचा, असा कायदाच होता. म्हणून शुक्रवारी सकाळी ऋतुजा इनामदार रत्नागिरीच्या प्राणी दवाखान्यात बसली होती. मांडीवर एक कागद. त्यावर दोन चौकोन होते: ‘शांतमरण’ आणि ‘दुसरे घर’. दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत अट होती, चावण्याचं कारण सापडलं आणि ते टाळता येण्याजोगं असलं तरच. खूण पाचच्या आत करायची होती.

जांभ्या काचेपलीकडच्या खोलीत पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. दोन वर्षांपूर्वी महामार्गाच्या कडेला तो तिला सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात तारेचा फास रुतला होता. जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारख्या तांबूस रंगावरून तिनं त्याचं नाव ठेवलं. तिच्यावर तो कधी साधा गुरगुरलासुद्धा नाही. चावला तो घरी आलेल्यांना. आधी पार्सलवाल्याला, मग शेजारच्या आगाशेकाकांना आणि मंगळवारी तिच्या सख्ख्या भाचीला.

ती भाची, स्वरा, मनगटाला पट्टी बांधून शेजारीच बसली होती.

“चहा घे गं मावशी. टाके मला पडलेत आणि तोंड तू पाडून बसलीयस.”

“तू यायला नको होतंस.”

“कधी? मंगळवारी, की आज?”

ऋतुजानं चहाचा कप हातात घेतला. नवरा गेल्याला आठ वर्षं झाली होती. भरती-ओहोटीच्या नोंदी तपासण्याचं तिचं काम घरूनच चालायचं. आठवडेच्या आठवडे ती जांभ्याखेरीज कुणाशी बोलत नसे.

डॉक्टर नाझनीन काझी जांभ्याच्या गळ्यातला घ्राणपट्टा घेऊन आल्या. बोटभर रुंदीचा तो पट्टा कुत्र्याच्या नाकाशी आलेली हवा सेकंदासेकंदाला तपासायचा आणि तिच्यात कुठले रेणू किती होते ते लिहून ठेवायचा.

“आपण जग बघतो, ताई. कुत्रा ते हुंगतो,” डॉक्टर म्हणाल्या. “तो कशामुळे चवताळला हे इतकी वर्षं आपण आपल्या डोळ्यांनी शोधत होतो. काठी दिसली असेल, टोपी दिसली असेल, असं. आता त्याच्या नाकानं शोधता येतं.”

पडद्यावर तीन रेघा उमटल्या, तीन चाव्यांच्या. प्रत्येक रेघ आधी सपाट होती, मग कड्यासारखी उभी चढली होती.

“हा भयगंध. घाबरलेल्या माणसाच्या घामात काही रेणू वाढतात. आपल्याला कळत नाहीत, कुत्र्याला लख्ख कळतात.”

“घाबरतीलच ना माणसं. एवढा मोठा कुत्रा.”

“मलाही तेच वाटलं होतं. पण ही वेळ बघा. चढ सुरू झाला चार वाजून दोन मिनिटांनी. स्वरा दारात आली चार वाजून नऊला.”

“चार वाजून दोनला मीच फोन केला होता,” स्वरा म्हणाली. “म्हटलं, कोपऱ्यावर आलेय, पोहे टाक.”

सात मिनिटं घरात दोघंच होती. त्यातला एक कुत्रा.

“पाहुणा आला की तुम्ही जांभ्याला कसं धरता?” डॉक्टरांनी विचारलं.

“जवळ घेते. एका हातानं पट्टा धरते आणि दुसऱ्या हातानं असं तोंडावरून कुरवाळते.” ऋतुजानं हवेत हात फिरवला. “घाबरू नको राजा, म्हणते.”

“तळहातानं?”

“हो.”

डॉक्टरांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. “माणसाला सगळ्यात जास्त घाम तळहातालाच येतो, ताई.”

ऋतुजानं हाताची मूठ वळली.

पडताळणी व्हायला हवी होती. स्वरा काचेपलीकडे गेली. जांभ्या उठला, पट्टी हुंगली आणि शेपूट हलवत तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसला. “आता लाडात येतोय चोर!” स्वरा हसली. मग डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून दार लावलं आणि भिंतीतली झडप उघडली. ऋतुजाच्या खोलीतली हवा पलीकडे गेली. जांभ्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. स्वरा नुकतीच गेली होती त्या दाराकडे तोंड करून त्यानं दात विचकले.

“तो रागीट नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही घाबरता आणि तो तुमचं रक्षण करतो. मी कारण सापडलं असं लिहिते. स्वरा त्याला न्यायला तयार आहे, तिच्याकडे तो शंभर टक्के सुखरूप राहील.”

स्वरा पडद्यापुढे उभी होती. पार्सलवाल्याची रेघ, आगाशेकाकांची रेघ. सगळ्यांत उंच रेघ तिची होती.

“मावशी, माझी भीती वाटते तुला?”

“तुझी नाही गं.” ऋतुजा शब्द शोधत राहिली. “कुणी येणार म्हटलं की काय बोलायचं ते आठवत नाही. परकी माणसं जातात, सुटल्यासारखं वाटतं. तू गेलीस की चार दिवस घर खायला उठतं. तू येणार म्हटल्याबरोबर मला ते चार दिवस दिसायला लागतात.”

“मग मी येत जाईन ना सारखी. याला घेऊन.”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. “तुम्ही तिघं एका खोलीत नको. चौथ्या चाव्याला कागदावर एकच चौकोन असतो. ताईंची भीती उपचारानं कमी होईलही, पण किती दिवसांत ते मी सांगू शकत नाही.”

ऋतुजानं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

निरोप घ्यायचा नव्हता. तो घेताना अंगातून काय बाहेर पडेल ते तिच्या हातात नव्हतं. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि वारा तिच्याकडून स्वराच्या गाडीकडे जाणार नाही अशा बाजूला, रस्त्यापलीकडे दूरवरच्या सुरूच्या झाडांशी जाऊन उभी राहिली. तिथून गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. जांभ्या गाडीच्या दाराशी पाय रोवून उभा होता आणि नाक वर करून हवा शोधत होता.

फोन वाजला. “मावशी, बसतच नाहीये. हाक मार ना. स्पीकर लावते.”

ऋतुजानं फोन तोंडाशी धरला. हात इतका ओला होता की फोन निसटत होता. तिनं घसा साफ केला.

“जांभ्या,” ती म्हणाली, अगदी रोजच्या, मजेच्या आवाजात. “चल, बस बघू गाडीत. मी आलेच.”

काडेपेटीएवढ्या गाडीपाशी एक शेपूट हलली. जांभ्यानं स्वराच्या हातातला फोन हुंगला. त्याला तिथं भीतीचा लवलेशही सापडला नाही. तो उडी मारून आत बसला.