उजव्या हाताच्या रेघा

“तुमचं पोर भलतंच वाढतंय हो! महिन्याभरात वीतभर? खायला काय घालता?”

शिडीवरच्या रंगाऱ्याने खिडकीजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक, प्रत्येकीपुढे तारीख. मला हसू फुटलं, छातीशी ओढ बसली, म्हणून मी तिथे हात दाबून धरला... ऑपरेशननंतरचं ते माझं पहिलं खरं हसू.

“पोर नाही ते,” मी म्हटलं. “माझा उजवा हात आहे.”

बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग मीच सगळं सांगून टाकलं, आडपडदा मला जमत नाही. कॅन्सर होता. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जाताना कुरकुर करायचा. रोज भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथे थांबू तिथे रेघ मारायची. सगळ्यात वरची जाड रेघ डाव्या हाताची. उजव्याला तिथवर न्यायचं होतं — पुढच्या महिन्याभरात. कारण मी वाहतूक पोलीस. चौकात हात सरळ वर गेला नाही, तर मला कायमचं कचेरीतल्या खुर्चीवर बसवणार होते. आणि बसून राहणं माझ्या स्वभावातच नाही.

“म्हणजे त्या तुम्हीच!” तो शिडीवरून उतरलाच. “मोठ्या चौकात माझा टेम्पो अडवला होतात. शिडी मागून बाहेर आली होती, आणि...”

“आणि टोकाला लाल फडकं नव्हतं.” मला आठवलं. “काय बोलले होते मी?”

“ते आत्यांसमोर नको.”

माझी आत्या दारातच उभी होती. खोलीला रंग द्यायचा हट्ट तिचाच. आजारपणाचा वास घरातून गेला पाहिजे, म्हणे. संध्याकाळी तिने पाहिलं, तर भिंती लख्ख झालेल्या, पण रेघांची हातभर रुंद पट्टी जुन्या रंगात तशीच.

“हे काय अर्धवट काम?” आत्या कडाडली.

“अर्धवट नाही आत्या, चालू आहे. रेघ वर पोचली की पट्टी रंगवून देतो.” माझ्याकडे न बघता त्याने पुढे जोडलं, “अधूनमधून येऊन बघावं लागेल.”

त्याचं अधूनमधून म्हणजे एक दिवसाआड. कधी ब्रश विसरला, कधी शिडीच विसरली. शिडी विसरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय, असं आत्या म्हणायची, आणि त्याच्यासाठी कप मात्र आधीच काढून ठेवायची. तो दारातूनच विचारायचा, “वाढला का?” माझी बोटं भिंतीवर चढायला लागली की श्वास रोखून उभा राहायचा. हळूहळू टेम्पोचा आवाज मला कोपऱ्यावरूनच ओळखू यायला लागला, आणि तो आला की माझा डावा हात आपोआप केस सारखे करायचा.

एकदा मात्र मी घाई केली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं, ताण जाणवू दे, पण कळ सोसून ओढायचं नाही. मी ओढलं. काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणावी तशी कळ गेली. दुसऱ्या दिवशी बोटं तीन रेघा खालीच अडकली, आणि नेमका तो आला.

“आज नाही वाढला,” मी फणकारले. “आणि एक ऐका. माझी ही बाजू सपाट आहे आणि तशीच राहणार. दया येत असेल तर दार तिकडे आहे.”

“दया? तुमची?” तो खरंच गोंधळला. “मला तर तुमची भीती वाटते!”

मी हसू दाबलं. तो मात्र शिडीवर चढायला लागला — काही काम नसताना.

“काय करताय?”

“खाली उभं राहून धीर होणार नाही.” त्याचे कान लाल झाले होते. “तुम्ही मला आवडता. चौकात अडवलंत तेव्हापासून. तेव्हा मी तुमचा हात बघितला होता, मॅडम... आणि डोळे. आता सगळं ठाऊक आहे, तरी आवडता.”

“त्यातलं ‘तरी’ काढा.”

“काढलं.”

छातीत धडधडलं — जिथे बोट लावलं तरी कळत नाही, तिथेसुद्धा.

“उत्तर चौकात देईन,” मी म्हटलं. “हात वर करून.”

“आणि कचेरीत बसवलं तर?”

“तर...” मी भिंतीवरच्या जाड रेघेकडे पाहिलं.

“तर खुर्चीसमोर रांगेत उभा राहीन. मला चालेल.”

मला चालणार नव्हतं! पण त्यानंतर घाई केली नाही. रोज तेवढंच, रोज नेमाने.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले. “उजवा बोटभर कमी आहे,” ते म्हणाले.

“गाड्यांना ते दिसणार नाही,” मी म्हटलं. त्यांनी हसत कामावर जायच्या दाखल्यावर सही केली.

पहिल्या सकाळी मी गणवेश चढवला. उजव्या बाजूला आत काही भरलं नाही, मला तसंच हवं होतं. सूज येऊ नये म्हणून हातावर घट्ट बाही घातली. चौकाच्या मधोमध उभी राहिले, शिट्टी फुंकली आणि हात वर केला.

सगळं थांबलं. बस, ट्रक, दुचाक्या... आणि सगळ्यांच्या पुढे एक टेम्पो. मागे शिडी, टोकाला लाल फडकं, चादरच म्हणा ना! तो काचेतून माझ्या हाताकडे बघत होता, डोळे भरलेले. माझी मान ताठ झाली. हा हात मी रेघेरेघेने वर आणला होता.

गाड्या सोडल्या, पण टेम्पो हलेना. मागे हॉर्न सुरू झाले. मी खिडकीशी गेले.

“इंजिन बंद पडलं?”

“उत्तर राहिलंय...”

“हो,” मी म्हटलं. “उत्तर हो आहे. संध्याकाळी घरी ये.”

त्या एकेरीने त्याचे कान पुन्हा लाल झाले. “प-पट्टी रंगवायला?”

“पट्टी तशीच राहू दे. आता तुला यायला निमित्त लागणार नाही. हल आता!”

मी बाजूच्या गाड्या थांबवायला हात वर केला, आणि ते लाल फडकं वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही. लोक जरा जास्तच खोळंबले.