राणीच्या कोपऱ्यातली काळी वाळू

डोळे मीट आणि एक समुद्र बघ. फार मोठा नको, चार काचांत मावेल एवढाच. तळाला वाळू आहे, मध्ये खडबडीत दगड आहेत, आणि दगडाआडून एक केशरी मासा डोकावतोय. अंगावर पांढरे पट्टे, चेहऱ्यावर ‘काय हवंय?’ असा भाव.

आता असं समज, की हा समुद्र भिवंडीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या गल्लीतून कापड विणणाऱ्या लूमची खटखट ऐकू येतेय. आणि ज्याने हा समुद्र मांडला, तो माणूस आता घरात नाही. तो तुझा बाबा होता.

दिसलं? मग चल, त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊ. तिथलं दार आत्ता वाजणार आहे.

रविवारची सकाळ होती. माधव चहात खारी बुडवत होता. त्याची धाकटी बहीण नीला ही खाजगी तपासाची कामं करायची. निजामपुऱ्यातल्या लूमवाल्यांचे चोरीला गेलेले तागे शोधून देण्यात तिचं नाव होतं. माधव बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडायचा. हिंडायचा भरपूर, त्याला कळायचं मात्र सगळ्यात शेवटी.

दारात वरच्या मजल्यावरची क्षितिजा उभी होती. वय वर्षं दहा, डोळे रडून लाल.

“मावशी, तुम्ही चोर शोधता ना? खुनी पण शोधता?”

माधवची खारी तुटून चहात बुडाली.

“कुणाचा खून झालाय?” नीलाने शांतपणे विचारलं.

“राणीचा. बाबांच्या माशाचा. आणि मला माहितीये कुणी केला. काकांनी. पण आई म्हणते, पुराव्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. म्हणून आले.”

नीलाने तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

क्षितिजाचे बाबा, सागर, मागच्या वर्षी आजारात गेले. मागे दोन टाक्या राहिल्या, दोन्ही खाऱ्या पाण्याच्या, दोन्ही त्यांनीच मांडलेल्या. एक घरी, दुसरी मानकोलीला धनेशकाकांच्या गोडाऊनच्या ऑफिसात. घरच्या टाकीतली वाळू जुनी झाली होती, म्हणून मत्स्यालयाचं काम करणाऱ्या शार्दूलला बोलावलं. त्याने राणी आणि गोट्या या दोन माशांना आधी मानकोलीच्या टाकीत हलवलं, घरची वाळू बदलली, पाणी स्थिर होईपर्यंत मध्ये काही दिवस जाऊ दिले, आणि काल दुपारी दोघांना परत आणलं.

“घाईने सोडलं का पाण्यात?” नीलाने विचारलं.

“छे! माशांची पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली. मग आपलं पाणी तिच्यात थेंब थेंब सोडलं, खूप वेळ. दिवे पण बंद ठेवले, मासे घाबरू नयेत म्हणून. शार्दूलदादा म्हणाला, आज खायला काही घालायचं नाही, उद्या बघू. रात्री दोघं छान होते. सकाळी राणी...” तिने ओठ दाबले. “गोट्या वर येऊन धापा टाकत होता. शार्दूलदादा धावत आला आणि काकांच्या गाडीतून त्याला पुन्हा मानकोलीला सोडून आला. काका म्हणतात, आता राहू दे तिथेच. मावशी, राणीला कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी पण गोट्याला घरी आणणार नाही. त्याला मारणारं माणूस घरात असलं तर?”

माधवने खारीचा नाद सोडला आणि चप्पल घातली.

वरच्या घरात शिरताच त्याने नाकाला रुमाल लावला. नासक्या अंड्यांसारखा वास येत होता. टाकीतलं पाणी गढूळ होतं. तळाला पांढरीशुभ्र नवी वाळू आणि डाव्या कोपऱ्यात, तेवढ्याच जागी, काळ्या वाळूचा ढीग. ढीग पसरलेला नव्हता. हाताने थापून त्याला गोल कड केली होती, शेताला बांध घालतात तशी.

“हा राणीचा कोपरा,” क्षितिजा म्हणाली. “ती रोज तिथेच झोपायची.”

शार्दूल हिरमुसून उभा होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, हातात नव्या वाळूची उरलेली पिशवी.

“मॅडम, माझी वाळू खराब असेल तर धंदा सोडीन. सात पाणी काढून धुतलीये.”

नीलाने पेल्यात त्या पिशवीतली मूठभर वाळू घेतली, पाणी घालून हलवली. पाणी नितळ राहिलं, वासही नव्हता. मग तिने त्याच्याकडून टाकीच्या पाण्याचा खारटपणा मोजून घेतला. मानकोलीच्या टाकीइतकाच भरला.

“जुनी वाळू कुठे टाकलीस?”

“मी तर सांगितलं होतं, फेकून द्या. वर्षानुवर्षं न हललेल्या वाळूच्या खालच्या थरात विषारी वायू साठतो. तो थर काळा पडतो. वरून कळत नाही, ढवळलं की बाहेर येतो. वहिनींना, क्षितूच्या आईला, दहा वेळा बजावलं.”

“लाइट गेली असेल,” धनेश सोफ्यावरून म्हणाला. उंच माणूस, हाफ शर्ट, हातात गाडीची किल्ली फिरवत होता. “भिवंडी हाय ही. पंप बंद पडला असेल नि मासा गुदमरला. त्याला कोण काय करणार?”

नीला स्वयंपाकघरात डोकावून आली. “मायक्रोवेव्हचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय, धनेशभाऊ. लाइट गेली असती तर ते शून्यावर मिचमिचत बसलं असतं.”

धनेशने किल्ली खिशात टाकली.

“तुम्ही काल संध्याकाळी परत आला होतात,” क्षितिजा एकदम म्हणाली. “मी पाहिलं. एकटेच टाकीपाशी उभे होतात! तुम्हाला मासे तिकडेच ठेवायचे होते ना?”

“क्षितू!” आई, मनाली, ओरडली.

“ओरडू नको वयनी, खरा हाय तिचा.” धनेश उठून काचेपाशी गेला. “दर रविवारी सागर यायचा ऑफिसात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकी धुवायचा, मना शिव्या द्यायचा, काच किती घाण ठेवलीस म्हणून. तो गेल्यावर पगारी माणूस येतो, गुपचूप काम करतो, जातो. हे दोघं तिकडं होते तेवढे दिवस वाटायचं, आता येईल हा. आता शिव्या देईल. म्हणून म्हटला, ऱ्हाऊ दे. काल नुसता बघायला आलो होतो.”

क्षितिजाने मान वळवली, पण तिचा चेहरा थोडा सैल झाला.

बाल्कनीच्या दारापाशी मुढ्यावर महादू बसला होता, सागर-धनेशचा बाप, याच घरात राहणारा, धनेशइतकाच उंच. अंगात बनियन, खाली लुंगी. उभा जन्म खाडीकाठी गेला होता त्याचा. खारजमीन कसायची, तळ्यात जिताडा मासा वाढवायचा.

“आबा, तुम्हाला काही दिसलं का?” नीलाने विचारलं.

“मना काय म्हाईत न्हाय.” मग टाकीकडे न बघताच तो पुटपुटला, “पांढऱ्या रेतीत काय हाय? काय न्हाय. काळ्यात जीव असतो. आमच्या खाडीत काळ्या चिखलातला जिताडा खाल्ला का कधी?”

“खाल्लाय,” माधव उत्साहाने म्हणाला. “फारच छान—”

नीलाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि बाल्कनीत गेली.

तिथे ताटाने झाकलेली एक बादली होती. ताट उचलताच तोच वास भसकन अंगावर आला. जुनी वाळू! वरचा थर फिकट पांढरा होता. एका बाजूने मात्र तो अलगद सारून कुणीतरी थेट तळापर्यंत खणलं होतं. दोरीवर एकच निळा पूर्ण बाह्यांचा सदरा वाळत होता. उजव्या बाहीवर, पार खांद्याजवळ, पांढुरकी रेघ उमटली होती.

“नीट धुतला नाही कुणी,” माधव म्हणाला.

“धुतलेलाच नाही, दादा,” नीला म्हणाली आणि आत वळली. “मनाली, ही बादली तुम्ही ठेवलीत?”

मनाली खाली मान घालून बोलली. “फेकायला निघाले होते. जिन्यापर्यंत गेले पण. दहा वर्षं त्या वाळूत सागरचे हात फिरले होते हो. दगड हलव, वाळू सारखी कर, चाललेलं असायचं. कचऱ्याच्या गाडीत कशी ओतू? पण टाकीत नाही घातली मी. क्षितूच्या गळ्याची शपथ.”

“माझा विश्वास आहे. सगळे जरा बसा.”

सगळे बसले. क्षितिजा जमिनीवर, नीलाच्या पायाशी.

“खुनी कसा वागेल ते आधी पाहू,” नीला म्हणाली. “मासे मारायचे असते तर बादली उचलून ओतली की झालं. किंवा हाताला येईल ती वरची वाळू टाकली असती. या माणसाने वरची वाळू बाजूला सारली आणि तळातली काळी वाळू निवडून घेतली. त्याच्या मते ती सगळ्यात चांगली होती. वर वर फेकलीही नाही. तळापर्यंत हात घालून थापून बसवली, आणि तीही राणी झोपते नेमकी त्याच कोपऱ्यात. शार्दूल तर त्या काळ्या थरालाच भितो. त्याच्या हाताने ही चूक होणं शक्य नाही.”

“मग?” क्षितिजाने विचारलं.

“ही टाकी खोल आहे. तुझा हात तळाला पोचत नाही, तुझ्या आईचाही नाही. पोचेल तो उंच माणसाचा, आणि तोही खांद्यापर्यंत भिजेल. बाहीचं खारं पाणी वाळलं की मिठाची रेघ उरते. बाहेरच्या सदऱ्यावर ती आहे. शार्दूल आणि काका अर्ध्या बाह्यांत आहेत, आणि दोघंही इथे राहत नाहीत. आता काल काय झालं ते आठव. शार्दूल म्हणाला, आज माशांना खायला घालू नका. हलवलेल्या माशाला ते बरंच असतं. पण ज्याने आयुष्यभर खाडीत मासे वाढवले, त्याला ते कसं पटावं? प्रवास करून आलेला जीव, मुलाने आणलेला जीव, उपाशी झोपवायचा? वर ती पांढरी, धुऊन धुऊन निर्जीव केलेली वाळू. आणि काळ्या चिखलात जीव असतो, हे तर आत्ताच कुणीतरी आपल्याला सांगितलं.”

माधवला शेवटी कळलं. नेहमीसारखं शेवटीच. त्याला वाटलं, न कळलं असतं तर बरं झालं असतं.

“खाडीचा चिखल भरती-ओहोटीने रोज धुतला जातो, आबा,” नीला हळूच म्हणाली. “टाकीत भरती नसते. शिवाय ही वाळू इतके दिवस बादलीत कोंडलेली. राणी तिच्या अगदी जवळ झोपली होती. गोट्या वर बुडबुड्यांपाशी होता, म्हणून वाचला.”

महादू उठायला गेला. पुन्हा मुढ्यावर बसला.

“सागर ल्हान असताना पण असाच करायचा,” तो म्हणाला. “कुठून आला का उपाशीच झोपायचा. मी उठवून भाकर चारायचो. काल ती पण तशीच गुमान कोपऱ्यात जाऊन बसली. मना वाटला, त्याचीच रेती हाय, त्याच्या हाताची. तिला बरा वाटल.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “सकाळी बघितला नि जीभच उचलंना. माझा पोरगा गेला, आता त्याची राणी पण मी... ही पोर मना बोलणार न्हाय परत.”

धनेश उठून बापाच्या खांद्यापाशी उभा राहिला.

“खुनी शोधायला बोलावलं होतंस मला,” नीला क्षितिजाला म्हणाली. “सापडलं ते एवढंच. पुढचं तूच ठरव.”

क्षितिजाने टाकीकडे पाहिलं. मग शार्दूलकडे वळली.

“गोट्या घरी येऊ शकतो?”

“येईल की. ही वाळू सगळी काढायची, पाणी बदलायचं, दुसरी वाळू नीट धुऊन घालायची. आठवडाभर पाणी तपासत राहायचं. मग आणू.”

“तिथेच बरा हाय तो—” धनेश म्हणता म्हणता थांबला. “न्हाय. तू म्हणशील तसं.”

“आता दर रविवारी मी आणि आजा ऑफिसची टाकी धुवायला येऊ,” ती काकाला म्हणाली. “शिव्या मात्र मीच देईन.”

धनेशला हसायचं होतं. ते जमलं नाही, त्याने नुसती मान हलवली.

मग क्षितिजा उठली. शार्दूलच्या हातातली पिशवी घेऊन बाल्कनीत गेली, घमेल्यात वाळू ओतली, नळ सोडला. घमेलं ओढत ओढत तिने आजाच्या मुढ्यापुढे आणून ठेवलं. लादीवर पाणी सांडलं. क्षितिजा त्याच्यासमोर मांडी घालून बसली, त्याचे दोन्ही हात धरून पाण्यात घातले, आणि वर आपले ठेवले.

“असं चोळायचं, आजा,” ती म्हणाली. “पाणी नितळ दिसलं तरी. मी सांगेन तेव्हाच थांबायचं.”