हवा नसलेल्या कोठीत

जेवण आटोपून वहिनी कोठीपाशी आली, तेव्हा तिचा दीर पोशाख चढवून तयारच होता. अंतराळात घालायचे पोशाख त्या कारखान्यात तपासले जात. तो पोशाख घालून पोलादी कोठीत शिरायचा आणि ती बाहेरून आतली हवा काढून घ्यायची. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळा कारखानाच तिला वहिनी म्हणू लागला होता. घरात कोणी गप्प बसू देत नाही, इथे निदान शांतता तरी मिळते, असं म्हणून हसत तो आत गेला.

पंप घुरघुरू लागला. आतली हवा विरळ होत गेली, आणि काचेतून बघणाऱ्या वहिनीला नेहमीसारखंच नवल वाटलं. दिरानं एका हातातून पीस सोडलं, दुसऱ्यातून स्क्रू. दोन्ही बरोबरीनं खाली आले. पीस जराही तरंगलं नाही. मग त्यानं दोन पत्रे एकमेकांवर जोरात आपटले. आपटताना दिसले, पण चूं की चां नाही.

तेवढ्यात दोघांना जोडणारा रेडिओ खरखरला आणि बंद पडला.

दीर भिंतीशी आला, त्यानं हेल्मेट भिंतीला टेकवलं. वहिनीनं बाहेरून गार पोलादाला कान लावला. विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचा आवाज आला, रेडिओ गेलाय, बाकी ठीक. हवा नसली तरी आवाजाला टेकायला काहीतरी मिळालं, की तो वाट काढतोच.

रेडिओ गेला की चाचणी थांबवायची, हा नियम. ती हळूहळू हवा आत सोडू लागली. त्यात घाई करून चालत नाही. दीर कोठीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. जरा वेळानं त्यानं मान कलती केली, कुणी कानाशी लागावं तशी. त्याचे ओठ हलले. त्यानं मान डोलावली.

दार उघडून तो बाहेर आला. तिनं त्याचं हेल्मेट उतरवलं.

“कोणाशी बोलत होता, भाऊजी?”

“तुमच्याशीच की. रेडिओ लागला होता ना परत.”

“रेडिओ अजून बंदच आहे.”

मग त्याचा हात उजव्या कानामागे गेला. आवाज रेडिओतून नव्हताच, तो हळूच म्हणाला, इथून येत होता... हेल्मेटला टेकून बोलल्यासारखा.

विचारल्यावाचून वहिनीला राहवेना.

“काय म्हणत होतं?”

“विचारत होतं... बाहेर हवा आहे का.”

“आणि तुम्ही?”

“हो म्हटलं. हवी तेवढी आहे, म्हटलं.”

दोघांनी एकदमच कोठीकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. खिडकीच्या जाड काचेवर, आतल्या बाजूनं, तळहाताएवढी वाफ धरली होती. ती विरली. मग पुन्हा धरली.