मका की चेहरा?

“माकड नाणं कशाला नेईल? मवींगाकाका, तुम्ही पण ना!” लुयांडो जवळजवळ ओरडलीच.

चोमाच्या कृषी प्रदर्शनात तिच्या आजीची नाणी मांडली होती. टांझानियाची, मलावीची, लेसोथोची. सगळी शेतीच्या सन्मानार्थ काढलेली. हमरस्त्यावर भाजकी कणसं विकता विकता आजीने ती ट्रकवाल्यांकडून एकेक करून जमवली होती. आजी मागच्या पावसाळ्यात गेली. आणि आज काचेच्या पेटीत मधलीच जागा रिकामी! आपल्या झांबियाचं, मक्याच्या कणसाचं जुनं नाणं गायब!

“माकडंच ती. दिसेल ते उचलतात,” राखणीला बसलेले काका दुसरीकडे बघत म्हणाले.

 आजोबा रिकाम्या जागेवर बोट ठेवून नुसते उभे राहिले. लुयांडोला ते बघवेना.

“गेली सुट्टी! आता माकडांमागे पळा,” चुलतभाऊ चिपेगो कुरकुरला.

“तूच पळ. तुझीच दोस्तमंडळी ती!” लुयांडो म्हणाली.

दोघं बाहेर आली. बैलांच्या नांगरणीची स्पर्धा नुकतीच संपली होती. जिंकलेला मुलेया मित्रांना रंगवून सांगत होता, “अरे, नाणेफेकीतच जिंकलो! ‘मका की चेहरा?’ विचारलं. मी म्हटलं मका, आणि मकाच आला! कडेचा पट्टा मिळाला, माती कशी लोण्यासारखी!”

लुयांडो थबकली. “चिपेगो, तुझ्या खिशातल्या नाण्यावर काय आहे?”

“जनावर. का गं?”

“मग मुलेयादादाला मका कुठून मिळाला?”

चिपेगोचे डोळे विस्फारले. दोघं धावतच काकांकडे परतली.

“काका, आमच्या फुटबॉलला नाणं हवंय,” लुयांडो साळसूदपणे म्हणाली. “सकाळी नांगरणीला दिलंत ना, तेच द्या.”

“ते कुठून देऊ? ते तर मातीत...” काकांनी जीभ चावली. मग हळूच म्हणाले, “कुणाकडेच नाणं नव्हतं गं, म्हणून पेटीतलं नेलं. खाली पडलं, मका दिसला, मी वाकणार तोच बैल सुटले. संध्याकाळी शोधणार होतो.”

“संध्याकाळी? ते बघा!”

ढेकळं फोडायला ट्रॅक्टर शेतात शिरत होता! चिपेगो हात हलवत त्याच्यापुढे धावला. “थांबा! थांबा!” ड्रायव्हरने शिव्या घातल्या, पण ब्रेक दाबला.

काका नांगराच्या पहिल्या सरीत बसून माती उकरू लागले.

“तिथे नाही, काका! नांगर माती उजवीकडे टाकतो. नाणंही तिकडेच उलटलं असणार!” लुयांडो म्हणाली.

तिघांनी ढेकळं उलटायला सुरुवात केली. एकाखाली लुयांडोच्या बोटाला गार धातू लागला. “सापडलं!”

कणसावर फाळाचा एक ओरखडा उठला होता. पेटीजवळ येताच काका ते शर्टाला घासायला गेले.

“घासू नकोस,” आजोबा म्हणाले. “हिच्या आजीने कधी घासलं नाही.”

त्यांनी मातीसकट नाणं जागेवर बसवलं. कणीस वरच्या बाजूला ठेवलं. 

“मवींगा, पुढच्या वेळी पेटीची राखण या दोघांकडे,” आजोबा म्हणाले. मग लुयांडोकडे वळले. “मला माकडाचं खरं वाटलं होतं, पोरी. तुझ्या आजीला वाटलं नसतं. तुलाही नाही वाटलं.”