दोनशे लिटर निळं पाणी

दोरीवर सुताच्या वीस लडी वाळत होत्या. रंगवायच्या होत्या आभाळी, झाल्या होत्या गडद निळ्या. खाली रंगाऱ्याची धाकटी लेक हुंदके आवरत उभी होती.

"रंगांच्या कृतींची वही, म्हणजे पुढचा सगळा धंदा, आज हिला देणार होतो," रंगारी म्हणाला. "आता थोरलीला देईन. हिला साधं घनफळ काढता येत नाही!"

"येतं, बाबा! मी एकच किलो रंग मागितला. तुम्हीच तोलून दिलात."

मास्तर पुढे सरसावले. तपासाला बोलावलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीला. तिला सगळे 'बाई' म्हणत. चाळीस वर्षं गणित शिकवून मास्तर मात्र तिचे सोबती! हे त्यांना कुसळासारखं सलायचं. आज निदान प्रकरण आकड्यांचं होतं.

"हौद आतून शंभर सेंटिमीटर लांब, पन्नास रुंद. पाण्याची खूण तळापासून चाळीसवर. गुणाकार दोन लाख घन सेंटिमीटर. हजाराने भागा, दोनशे लिटर. लिटरला पाच ग्रॅम रंग, म्हणजे एक किलो. पोरीचा हिशेब चोख आहे!"

ऐटीत ते अंगणातल्या विटांच्या ढिगावर टेकले आणि ताडकन उठले. विजार मागून निळी, ओलीचिंब.

"दादा, आसन झकास निवडलंस," बाई म्हणाल्या.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाणी खुणेपर्यंत होतं?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"अगदी खुणेला. मीच नळ बंद केला."

"आधी तळ पाहिलास?"

"निळाच दिसला, नेहमीसारखा."

थोरली हौद घासत होती. बाई तिच्याकडे वळल्या. "मला काय विचारता? लडी वर काढून सगळे जेवायला गेले, हौद मी एकटीने उपसला. एरवी हे काम हिचं. हिशेबात शून्य चुकलं असेल, पण लाडकीला कोण बोलणार?"

"या विटा कशाला?" बाई रंगाऱ्याकडे वळल्या.

"ओल्या लडी ठेवायला. म्हणून तर निळ्या झाल्यात. आज लडी थेट दोरीवर गेल्या."

"नळाचं पाणी आणखी कशाला वापरलं?"

"थेंबभर नाही. सकाळचा मीटरचा आकडा फळीवर लिहिलाय."

फळीवर होतं ८४.२००. बाईंनी मीटर वाचला, ८४.३५०. मग टेप काढून एक वीट मोजली आणि ढीग मोजला. विटा पंचवीस.

"दादाचा गुणाकार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हौदात दोनशे लिटर पाणी नव्हतंच. मीटर पुढे गेला ०.१५० घनमीटर. घनमीटरचे हजार लिटर, म्हणजे आलं दीडशे लिटर. तरी पाणी खुणेला टेकलं. पन्नास लिटरची जागा कुणी अडवली?"

मास्तरांचा हात आपसूक विजारीकडे गेला. "विटांनी!"

"वीट वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. दोन हजार घन सेंटिमीटर, दोन लिटर. पंचवीस विटांचे पन्नास. शेजारी शेजारी मांडल्या की अख्खा तळ झाकतात, आणि निळ्या असल्याने तळच वाटतात. किलोभर रंग दीडशे लिटरात पडला, गडद होणारच. शून्य चुकलं असतं तर पोरीने दहा किलो मागितला असता. आज विटांवर लडी ठेवल्या नाहीत, ऊन रखरखीत, तरी विटा चिंब. हौद उपसून त्या बाहेर काढायला वेळ मिळाला एकीलाच."

थोरलीच्या हातातला घासणीचा चोथा गळून पडला.

"हो, मीच! ही रांगत होती तेव्हापासून हात निळे केलेत मी. बाबा हिच्या रंगाला 'वा' म्हणायचे, माझ्याकडे वळूनही बघायचे नाहीत. एकेक 'वा' मला पाठ आहे."

रंगाऱ्याने वही धाकटीच्या हातात दिली. तिने ती छातीशी धरली, पण ताईकडे बघायचा तिला धीर झाला नाही. रंगारी मात्र पहिल्यांदाच थोरलीच्या हातांकडे बघत राहिला. कोपरापर्यंत निळे हात.

परतताना मास्तर विजारीवरचा निळा डाग चोळत चालले होते.

"थोरलीचं मला तुझ्याआधी कळलं होतं."

"कशावरून?"

"तू मीटर वाचत होतीस तेव्हा ती बहिणीकडे बघत होती. मी तसाच तुझ्याकडे बघत होतो."

बाई चालता चालता थांबल्या. "आजच?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "रोज."