पंचेचाळीस फुटांवरचा जांभळा दगड

त्यानं माझा हात धरला तो दिवस मला तारखेसकट पाठ आहे. तीन जानेवारी, चौऱ्याऐंशी साल, सकाळचे साडेदहा. आणि धरला म्हणजे काय, ओढलाच! विहिरीच्या ढिगाऱ्यावरून मला फरफटत खाली आणलं, बोरीच्या झाडामागं ढकललं, आणि वरून म्हणतो कसा —

"मरायले आल्या का इथं? बार लावला हाय, चार डाव ओरडून राहिलो मी!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली. विहिरीतून धूर आला, माती आली, आणि नारळाएवढा एक धोंडा मी मघाशी बसले होते नेमका तिथंच येऊन पडला. कोणी शहाणी असती तर हात जोडले असते. मी म्हटलं, "हात सोडा आधी!"

त्यानं सोडला. मनगटावर पाच बोटं उठलेली पाहून माझं डोकंच फिरलं.

"इहीर आमची, ढिगारा आमचा. मी कुठं बसाव ते सांगणारे तुमी कोण?"

"मी बार उडवणारा. गुणवंता. पांढुर्ण्याचा. अन् तुमी?"

"वच्छला. मालकाची पोरगी!"

"मंग मालकाच्या पोरीले दोन कान देल्ले असतीन न देवानं?"

आणि हसला! धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून, अगदी आरामात. मी दात-ओठ खात घरी गेले. रात्री जेवले नाही. सकाळी मात्र पुन्हा ढिगाऱ्यावर गेले, कारण ढिगारा आमचा होता.

आता मी तिथं काय करत होते ते सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल पोरगी येडी आहे. घरचे म्हणतच होते. मी खडे जमवायला लागले होते. दिवाळीत सौंसरला आमच्या भूगोलाच्या रघुनाथराव सरांकडं फराळाला गेले, तर त्यांनी कपाट उघडून दाखवलं — दुधी, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक, काचेसारखे स्फटिक. मी चकली हातातच धरून बसले. सर म्हणाले, "यासाठी जवाहिऱ्याकडं जावं लागत नाही, वच्छला. तुमच्या बागेत नवी विहीर खोदणं सुरू आहे ना? तिचा बाहेर टाकलेला मलमा पाहा. खडा पाण्यात धुवायचा, उन्हासमोर धरायचा, काचेवर ओरखडा उमटतो का बघायचं. आणि सापडला त्याच दिवशी चिठ्ठी लिहायची, कुठं सापडला, किती खोल. पहिलं वर्ष एवढंच कर. काही विकत घेऊ नको."

मी आगपेट्या जमवल्या, घरचाच कापूस त्यात भरला, आणि दोन महिन्यांत तेवीस खडे झाले. बापूजी म्हणायचे, "लोकाइच्या पोरी भरतकाम करतात, आमची गोटे धुते."

गुणवंतानंही पहिल्या दिवसापासून टिंगल चालवली. "या गारगोटीले बाजारात कोणी आठाणे देईन का?" असं विचारायचा. मी म्हणायची, "तुमाले तरी कोणी देईन का?" त्याची माणसं खो-खो हसायची, आणि तो सगळ्यांत जास्त.

मग एका सकाळी पोतंभर खडे घेऊन समोर उभा. म्हणे, रात्री निवडून ठेवले. पाहते तर सगळे लखलख करताहेत!

"गोडं तेल लावलं," तो मोठ्या ऐटीत म्हणाला. "पोळ्याले बैलाच्या शिंगाइले लावतो न आपण, तसं. कसे चमकून राहिले!"

"तेल? माय वं! खड्याले तेल लावते का कोणी? भेगाइत मुरलं न सगळं! अन् हा... हा अख्खा गोटा होता, हा फोडला कोणं?"

"मीनं. आत काय हाय ते पाहाव म्हटलं..."

"अन् कोणता किती खोलावरचा?"

पोत्यात त्यानं साठ फुटांची सगळी विहीर एकत्र कालवून आणली होती. मी तीन दिवस ते खडे रिठ्याच्या पाण्यात घासत बसले, आणि घासताना त्याच्या नावानं बोटं मोडली.

चौथ्या दिवशी बोरीखाली वर्तमानपत्राची एक पुडी ठेवलेली होती. आत एकच खडा, तेल नाही, फोडलेला नाही. सोबत चिठ्ठी — 'बेचाळीस फूट. उगवतीची भिंत. बुधवार. रागावू नका.'

मला त्या शेवटच्या दोन शब्दांचा भारी राग आला. कोण कुठला, मला सांगतो रागावू नका! ती चिठ्ठी मी आगपेटीत ठेवली नाही, वेगळी ठेवली. कुठं ते विचारू नका.

त्यानंतर रोज पुडी. रोज चिठ्ठी. संक्रांतीला मी त्याच्या सगळ्या माणसांना तिळगूळ वाटला, त्याच्या हातावर सगळ्यांत शेवटी ठेवला. "आता गोड बोलाव लागते," तो म्हणाला. "उद्यापासून," मी म्हटलं. तो तीळ चावत माझ्याकडं नुसता पाहत राहिला, आणि मी घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

सोळा तारखेला त्यानं मला काठावर बोलावलं. हातात दाढीचा आरसा होता. "खाली पाहा," म्हणाला, आणि आरशानं उन्हाचा कवडसा विहिरीत सोडला. काळ्या भिंतीवरून तो उतरत गेला... पंचेचाळीस फुटांवर थांबला. तिथं सुपाएवढी पोकळी होती. आणि आतून सगळी जांभळी! टोकदार स्फटिकांचा गच्च थर, कवडसा हलला की तेही हलल्यासारखे दिसायचे. सरांनी एकदा बोटाच्या पेराएवढा जमुनिया, असाच जांभळा स्फटिक, दाखवला होता. हा घागरीएवढा होता. मी कधी त्याची बाही धरली तेही मला कळलं नाही. त्याला कळलं होतं, कारण आरसा धरलेला हात त्यानं जराही हलवला नाही.

"छन्नीनं निघन?" मी विचारलं.

"निघन. दोन दिवस लागतीन."

तेवढ्यात बापूजी मागं येऊन उभे. त्यांचंही खोटं नव्हतं. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून महिना होऊन गेला होता. असा ताण दिल्याशिवाय संत्र्याला फूल येत नाही, पण तो वेळेवर तोडलाही पाहिजे. पानं मुरगळली होती, जुनी विहीर कोरडी, नव्या विहिरीला अजून ओल नाही.

"दोन दिवस गोट्यासाठी?" बापूजी म्हणाले. "उद्या दहाले त्याच भिंतीत बार टाक, गुणवंता. पाणी असलं तं तिकूनच येईन."

मी गुणवंताकडं पाहिलं. काहीतरी बोलेल, एक शब्द तरी... तो मान खाली घालून म्हणाला, "हाव, मालक."

हाव, मालक! बापूजी गेल्यावर मी त्याला सोडलं नाही.

"तोंड शिवलं होतं का आता? बाकी वेळी तं थांबत नाही!"

"वच्छलाबाई, झाडं वाळून राहिली. मी काय म्हणाव?"

"काही म्हणू नका! पुड्या आणू नका, चिठ्ठ्या लिहू नका. पांढुर्ण्याच्या लोकाइले गोटे फेकता येतात फक्त. जपता कुठं येतात!"

त्याचा चेहरा उतरला. पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमारीची जत्रा भरते, दोन काठांवरची माणसं एकमेकांना दगड मारतात, त्यात त्याच्या काकाचा डोळा गेला होता, हे मला हिरामणनं, त्याच्या दोरवाल्यानं, नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की तो पहिल्यांदाच हसला नाही, आणि मला ते बरं वाटलं. तेवढा राग होता माझा.

सकाळी उजाडताच टक् टक् ऐकू आलं. मी शाल अंगावर कशीबशी टाकून धावले. हिरामण आणि दोघं माणसं दोर धरून उभी होती.

"खाली कोण हाय?"

"दुसरं कोण असन?" हिरामण वैतागून म्हणाला. "फटफटायच्या आधी उतरला. दहाले मालकाचा बार, तंवरचा येळ माझा, म्हणते. दोन दिवसाचं काम चार घंट्यात करून राहिला येडा!"

मी वाकून पाहिलं. दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो पोकळीच्या कडेनं छन्नी मारत होता. डोक्यावर धूळ, कोपर खरचटलेलं. मला त्याचा असा संताप आला... आदल्या दिवशी एक शब्द बोलला असता तर हे करायची पाळी आली नसती! "वर या!" मी ओरडले. "झालं, झालं," खालून आवाज आला. बापूजीही येऊन ठेपले, कमरेवर हात, कपाळाला आठ्या.

साडेनऊ झाले असतील. तो जांभळा गोळा अख्खाच्या अख्खा सुटला. त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला, वर पाहिलं, आणि हसला. पुढच्याच क्षणी गोळा निघाला त्या भगदाडातून पाण्याचा लोंढा सुटला. सरळ त्याच्या छातीवर. फळी उलटली. एका काखेत दोर, दुसऱ्या हातात तो गोळा, आणि खाली पंधरा फुटांवर धोंडे. तो लोंबकळत होता.

"दोन्ही हातानं दोर धर!" हिरामण किंचाळला.

त्यानं गोळा सोडला नाही. दोर काखेतून सरकत होता, मला वरून दिसत होतं, तरी हा बाप्पा दगड छातीशी धरून!

"फेक तो दगड!" मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारच्या बागेतली माणसं बांधावर आली. "गुणवंता! फेक म्हणते न! चुलीत जाऊ दे तो दगड, मले तू पाहिजे! तू वर ये!"

त्यानं वर पाहिलं. मग हात उघडला.

खाली काय फुटलं, काय वाजलं, मी पाहिलं नाही. मी दोर ओढत होते. बापूजीही ओढत होते. तो काठावर आला, पाण्यानं निथळत, काखेची सालटी निघालेली. मी त्याच्या खांद्यावर दोन चापट्या हाणल्या, सगळ्यांसमोर.

"अक्कल हाय का तुले? गोट्यासाठी जीव देते का कोणी?"

"तुमाले पाहिजे होता न..." तो धापा टाकत म्हणाला. "तो तं गेला. आता काय ठेवान तुमी?"

"तुले ठेवीन! कोंडून ठेवीन! पुन्हा त्या इहिरीत उतरून पाहाय!"

हिरामण दोर गुंडाळायला लागला, जो आधीच गुंडाळलेला होता. बापूजी कितीतरी वेळ विहिरीत पाहत राहिले. तिथं हातभर पाणी चढलं होतं.

"गुणवंता," ते वर न पाहताच म्हणाले, "तुह्या घरी मोठं कोण हाय?"

"माय हाय, मालक. केसरबाई."

"रविवारी घेऊन ये तिले. चहाले."

हे ऐकून तर माझं टाळकंच सरकलं. "वा रे वा! अन् मले विचारलं का कोणं?"

सगळे माझ्याकडं वळले. गुणवंता हिरामणचा खांदा धरून उभा राहिला. केसांतून पाणी गळत होतं, ओठ थंडीनं निळे पडले होते, आणि आवाज... आवाज पार बारीक झाला होता.

"मी विचारतो. वच्छला... काय म्हणतं?"

मी दोर ओढताना पडलेली शाल उचलली, त्याच्या अंगावर फेकली, आणि म्हटलं, "म्हणायचं काय राहिलं आता? चार बागाइले ऐकू जाईन असं ओरडून झालं न माझं!"