खडवलीची कमान

सन १८८८च्या होळीपूर्वी मी खडवलीजवळच्या एका नाल्यावर दगडी पूल बांधून पुरा केला, आणि होळीनंतर समोर उभा राहून तोच पाडून घेतला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, पुण्याहून परीक्षा देऊन आलेला ओव्हरसियर. जगात जे उभं आहे ते का उभं आहे, हे मला तोंडपाठ होतं.

ते मी सगळ्यांना सांगतही असे. गवंडी धाकू साठीचा, कल्याणचा. चुना मळला जात असताना त्याची शिकवणी चाले.

"पूल तीन जातींचे, धाकू. ओढ्यावर लाकूड आडवं टाकलं की झाला तुळईचा. ओझं आलं की तुळई वाकते; वरून दाबली जाते, खालून ताणली जाते. रेल्वेच्या पुलात लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण असतात, ते ओझं आपसांत वाटून घेतात. आणि आपली ही कमान. ही ओझं स्वतःकडे ठेवतच नाही. या दगडाकडून त्या दगडाकडे ढकलत नेते आणि काठावरच्या भिंतींच्या गळ्यात घालते."

"म्हणजे आमची थोरली सून," धाकू म्हणाला आणि थापी घेऊन उठला.

पलीकडच्या पाड्यावर रंगूबाई नावाची म्हातारी राही. तिला दहा हातांपलीकडचं दिसत नसे आणि कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, म्हणून ती स्वतःही ओरडूनच बोले. रोज आपली म्हैस घेऊन ती बांधकामाची तपासणी करायला येई.

"ओवरशेर, तुजा पूल वाकडा हाय!"

"आजी, कमान वाकडीच असते!"

"मंग सरल बांधाला कुनी शिकवला नाय का तुला?"

पूल पुरा झाल्यावर तो पहिल्यांदा ओलांडण्याचा मानही तिने आणि म्हशीने परस्पर घेतला.

मग मोठे साहेब तपासणीला आले. रीत साधी होती. नाल्यात कमानीच्या मधोमध खाली एक खांब रोवायचा आणि खांबाचं डोकं व कमानीचं पोट यांच्यात बांबूची पाचर घट्ट बसवायची. वर दगडांनी भरलेल्या बारा गाड्या उभ्या करायच्या. कमान केसभर दबते, पाचर आवळली जाते. गाड्या गेल्या की कमान परत वर येते. चांगली रचना अशीच असते. थोडी नमते, मोडत नाही.

गाड्या वर चढल्या. पाचर सुटून पाण्यात पडली.

"पाचर बारीक होती," साहेब म्हणाले. गाड्या वरच ठेवून मी जाड बसवली. गाड्या उतरवल्या, तर ती चिरडून तिचा भुगा झाला. गाड्या पुन्हा चढवल्या. आता खांब आणि कमान यांच्यात माझं बोट सहज जाऊ लागलं.

ओझं आलं की कमान वर जात होती.

साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः घोड्यासकट पुलावर चढले. मी खालून ओरडलो, "साहेब, आणखी एक सूत वर!" ते उतरले. "एक सूत खाली!" ते पुन्हा चढले. असं पाच वेळा झालं. शेवटी घोडाच चढेना.

साहेब मराठी बरं बोलत, पण संतापले की त्यांचा लिंगविचार सुटे. "ही पूल उलटी आहे, त्र्यंबकराव! जो रचना भारापुढे वाकत नाही, त्याचा मी काय हिशेब लावू? पाडा. चार दिवसांत. नाहीतर तुम्ही घरी जा."

माझी पहिलीच कमान होती ती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. धाकू मात्र जेवला.

पाडायच्या दिवशी मी पलीकडच्या पाड्यावर निरोप धाडला, की आज कुणी इकडे यायचं नाही. सकाळी वरचा मुरूम उपसला. मग मधल्या दगडांना दोर बांधला, दुसरं टोक बैलांच्या जुवाला. कमानीचा मधला दगड निघाला की बाकीचे धडाधड कोसळतात. मी सगळ्यांना वीस पावलं मागे नेलं, कानांत बोटं घातली आणि मान हलवली.

मधली ओळ खाली पाण्यात पडली. बाकीची कमान तशीच राहिली, मधोमध खिंडार घेऊन.

"चुना चांगला बसलाय," मी म्हणालो.

धाकूने माझ्याकडे पाहिलं. चुना कसा मळला होता ते त्याला माहीत होतं.

पुढची ओळ ओढली. मग त्याच्या पुढची. कोसळलं काहीच नाही. एकेक ओळ ओढून काढावी लागली, दात काढावेत तशी. दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा दगड पडला. दोन काठांवर दोन भिंती उरल्या आणि मध्ये वीस फूट उघडी हवा. मला हायसं वाटलं. माणसं विडी ओढायला बसली.

तेवढ्यात पलीकडून रंगूबाई आली. डोक्यावर पेंढ्याचा भारा, मागे म्हैस. आजचा निरोप तिने ऐकलाच नसणार.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि धाकूने त्यावर आपला चुनकट हात दाबला.

"बोलू नका, साहेब. ती मध्ये आलीय."

ती खरंच मध्ये होती. पायांखाली काही नव्हतं. चढाला वाकून चालावं तशी ती अर्ध्यापर्यंत आली, मग उतार लागल्यासारखी सावरून पावलं टाकू लागली. तिने काठावर पाय ठेवला, भारा उतरवला आणि आमच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"कवा पाडनार पूल?" ती ओरडली.

धाकूने तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या उघड्या हवेकडे.

मी भिंतींकडे पाहत होतो. कमानीवर भार आला की ती दोन्ही भिंतींना बाहेर रेटते, आणि नव्या सांध्यांतून चुन्याची भुकटी झडते. म्हातारी येताना ती झडत होती. आता ती पोचली होती, भुकटी थांबली.

पलीकडे म्हैस काठाशीच उभी होती. ती मान वळवून दोन पावलं बाजूला सरली, कुणाला वाट द्यावी तशी. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

पलीकडच्या भिंतीतून पुन्हा भुकटी झडू लागली.

मग दोन्ही भिंतींतून.

मग पलीकडची थांबली, आणि आमच्या बाजूची वाढली.